महिनाभराचा परदेशी भाषावर्ग: पहिला आठवडा बुडू नये म्हणून करायची तयारी

भाषावर्गाच्या माहितीपत्रकात 'आठवड्याला २० तासिका' असं ठळक छापलेलं असतं. तासिका म्हणजे तास नव्हे. बहुतेक ठिकाणी ती ४५ किंवा ५० मिनिटांची असते. ४५ ची धरली तर आठवड्याला १५ तास होतात आणि चार आठवड्यांत ६०. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट इंग्रजी बोलणाऱ्या अधिकाऱ्यांना कामकाजापुरती स्पॅनिश यायला साधारण ६०० ते ७५० तासांचा वर्ग धरते आणि जपानीसाठी २२०० तास. त्यापुढे ६० तास म्हणजे चिमूटभरच.

पण त्याच चार आठवड्यांत तुम्ही रोज १६ तास जागे असता. म्हणजे जवळजवळ ४५० तास. वर्ग वजा केला तरी ३९० उरतात, आणि ते कोणत्या भाषेत जातात यावर सगळं ठरतं.

यातला पहिला आठवडा बहुतेकांचा बुडतो. झोप बिघडलेली असते, पातळीची परीक्षा असते, सिम कार्ड आणि बसच्या पासची धावपळ असते, शिवाय तोंड उघडायची धास्ती. सहा महिन्यांच्या मुक्कामात एवढं खपून जातं. चार आठवड्यांत हा पाव हिस्सा झाला. खालची सगळी तयारी तो पाव हिस्सा वाचवण्यासाठी आहे.

कार्यक्रम निवडताना: पाच-सहा महिने आधी

शहर किती सुंदर आहे हे शेवटी बघा. आधी संस्थेला ईमेल करून हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या:

- एका वर्गात जास्तीत जास्त किती विद्यार्थी? ४५ मिनिटांत १५ जण असतील आणि शिक्षक एक शब्दही बोलले नाहीत, तरी वाट्याला तीनच मिनिटं येतात. १० पर्यंत ठीक, १२ च्या वर गेलं तर दुसरं बघा.
- आमची मातृभाषा किंवा इंग्रजी बोलणारे त्या काळात साधारण किती असतात?
- यजमान कुटुंबाकडे एका वेळी किती विद्यार्थी ठेवता? ते एकाच भाषेचे असतात का?
- व्हिसा नाकारला गेला तर किती पैसे परत मिळतात आणि किती दिवसांत?

दुसरा आणि तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचे. एका घरात एकाच भाषेचे दोघं राहिले की संध्याकाळी सहानंतरची परकी भाषा संपली म्हणून समजा. शक्यतो एका घरात एकच विद्यार्थी मागा. थोडे जास्त पैसे पडले तरी चालतील, ते इथेच खर्च करायचे असतात.

पातळीबद्दलही बोलायला हवं. युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेली ए१ (सगळ्यात खालची) ते सी२ (सगळ्यात वरची) ही सहा पायऱ्यांची चौकट आता बहुतेक संस्था वापरतात. अगदी शून्यावरून जाणाऱ्याला वर्ग झेपतो, पण बाहेरचे ३९० तास त्याला निव्वळ आवाज वाटतात. ए१ पूर्ण करून, जमलं तर ए२ अर्धी करून गेलेल्याला तोच महिना कितीतरी पटींनी जास्त देतो. तेवढी तयारी होणार नसेल तर जाणं सहा महिने पुढे ढकला.

कागदपत्रं: चार महिने आधी

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने चालणारा असावा. सगळ्या देशांची अट एवढी कडक नसते, पण बऱ्याच देशांची असते. शेंगेन देशांचा (एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा) नियम वेगळा आहे: पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला, तिथून परत निघण्याच्या तारखेनंतर तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला हवा. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ते ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकतात. त्यामुळे 'उशिरात उशिरा'च्या भरवशावर राहू नका. या व्हिसासाठी वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो आणि कोणत्याही १८० दिवसांत एकूण ९० दिवसच राहता येतं. येण्याचा आणि जाण्याचा दिवस, दोन्ही त्यात धरतात.

लहान कोर्सला पर्यटक व्हिसा चालतो की विद्यार्थी व्हिसा लागतो, हे देशागणिक बदलतं. ब्रिटनमध्ये मान्यताप्राप्त संस्थेत सहा महिन्यांपर्यंतचा कोर्स अभ्यागत म्हणून करता येतो. इतर काही ठिकाणी आठवड्याचे तास मोजून ठरवतात, आणि इथे पुन्हा तासिका की तास हा घोळ होतो. दूतावासाच्या संकेतस्थळावरचा नियम वाचा, ओळखीच्यांचा अनुभव नको. नियम बदललेले असतात.

विद्यार्थी अल्पवयीन असेल तर आईवडील दोघांच्या सहीचं, नोटरी केलेलं संमतीपत्र बरोबर द्या. त्यात तारखा, राहण्याचा पत्ता आणि तिथे जबाबदारी घेणाऱ्या व्यक्तीचा फोन असावा. आणि एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट: पासपोर्ट, तिकीट, विमा आणि प्रवेशपत्र या चारही ठिकाणी नावाचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर सारखं हवं. वडिलांचं नाव एका ठिकाणी मधे आणि दुसरीकडे गायब, असं झालं की दुरुस्तीत दिवस जातात.

भाषेची तयारी: बारा आठवडे

इथे बहुतेक जण व्याकरणाचं पुस्तक पहिल्या पानापासून काढतात. ती चूक आहे. व्याकरण तिथे वर्गात शिकवतातच. वर्गाबाहेर पहिल्या दिवशी जे लागतं ते वर्गात शिकवेपर्यंत दुसरा आठवडा उजाडतो. तेवढं घरून घेऊन जायचं.

पहिले चार आठवडे: आवाज, अंक आणि शब्द. रोज १० शब्द, आठवड्यातले सहा दिवस, म्हणजे बारा आठवड्यांत ७२०. सातवा दिवस फक्त उजळणीचा. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाऊसने १८८५ मध्येच दाखवलं होतं की पाठ केलेलं आपण सुरुवातीलाच सगळ्यात वेगाने विसरतो. म्हणून नवा शब्द दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी पुन्हा बघा. अंकीसारखं अ‍ॅप हे वेळापत्रक स्वतःच सांभाळतं.

उच्चार देवनागरीत लिहून ठेवायची आपल्याला सवय असते. रोमनपेक्षा ते बरं, पण त्यातही सापळे आहेत. जपानीत 'ओबासान' म्हणजे मावशी-आत्या आणि तोच 'बा' लांबवला की आजी. देवनागरीत दोन्ही 'ओबासान'च लिहिलं जातं, आणि वहीतून पाठ केलेला मुलगा यजमानाच्या बहिणीला आजी करून टाकतो. फ्रेंचमध्ये 'खाली' आणि 'वर' या अर्थांचे 'द्सू' आणि 'द्स्यु' हे दोन शब्द एका स्वरापुरते वेगळे. त्यातला दुसरा स्वर मराठीत नाहीच. ओठ 'ऊ'चे आणि जीभ 'ई'ची ठेवून तो काढावा लागतो. स्पॅनिशमध्ये 'पेरो' म्हणजे पण आणि 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. तेव्हा वहीत उच्चार लिहा, पण शेजारी ध्वनिमुद्रण ऐकल्याशिवाय शब्द पाठ करू नका.

मराठीचा फायदाही आहे, आणि तो इंग्रजीतून शिकणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. जर्मनमध्ये ४७ म्हणताना सात आधी आणि चाळीस नंतर येतं. आपलं सत्तेचाळीस तसंच आहे. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी आणि 'ला, ने, त'सारखे प्रत्यय नामाच्या मागे. म्हणजे मराठी वाक्याच्याच जागा. तू आणि तुम्ही यातला फरक फ्रेंच, जर्मन, स्पॅनिशमध्ये आहे. मनात इंग्रजी 'यू' आणून भाषांतर केलं की मात्र तो हातचा जातो. लिंगांच्या बाबतीत जपून: जर्मनमध्येही तीन लिंगं आहेत, पण आपल्याशी जुळतीलच असं नाही. चमचा तिथेही पुल्लिंगी, पण काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. शब्द नेहमी त्याच्या उपपदासकट (नामाआधी येणाऱ्या, लिंग दाखवणाऱ्या डेर, डी, दास या शब्दासकट) पाठ करा.

अंकांना वेगळा वेळ द्या. किंमत, फलाटाचा क्रमांक, घराचा नंबर, वेळ, फोन नंबर हे सगळं कानावर वेगाने आदळतं. फ्रेंचमध्ये ९७ म्हणजे 'चार-वीस-सतरा'. ते हिशेब करून समजायला वेळ नसतो. रोज पाच मिनिटं यादृच्छिक अंक ऐकून लिहा. दहापैकी नऊ बरोबर येईपर्यंत सोडू नका.

पुढचे चार आठवडे: सावरण्याची वाक्यं आणि दुसरा प्रश्न. पुढची वाक्यं तुमच्या लक्ष्यभाषेत (जी शिकायची तिच्यात) शिक्षकाकडून तपासून घ्या आणि झोपेतून उठवलं तरी म्हणता येतील इतकी घोटा:

- मी ही भाषा शिकतोय, जरा हळू बोलाल का?
- शेवटचा शब्द कळला नाही.
- हे कसं लिहितात?
- याला तुमच्या भाषेत काय म्हणतात?
- म्हणजे … असंच ना?
- कृपया इंग्रजीत नको, मला प्रयत्न करू द्या.

दुसरं वाक्य मुद्दाम असं आहे. 'मला कळलं नाही' म्हटलं की समोरचा सगळं पुन्हा सांगतो किंवा सरळ इंग्रजीवर जातो. नेमकं काय कळलं नाही ते सांगितलं तर तेवढंच सांगतो आणि संभाषण लक्ष्यभाषेत टिकतं.

आता दुसरा प्रश्न, म्हणजे आपल्या वाक्यानंतर समोरून येणारा. समजा, 'मला महिन्याचा पास हवा आहे' हे वाक्य तुम्ही पन्नास वेळा घोकलंत. खिडकीशी जाऊन ते न अडखळता म्हणालात. पलीकडून आलं: 'विद्यार्थी आहात का? ओळखपत्र? कोणत्या झोनचा? आजपासून की एक तारखेपासून?' इथे घोकलेल्याचा उपयोग संपतो. उलट तुम्ही सफाईने बोललात म्हणून समोरचाही नेहमीच्या वेगाने बोलतो. म्हणून तयारी एका वाक्याची नको, संवादाची हवी. वहीच्या पानावर मधोमध आपलं वाक्य लिहा, त्यातून तीन बाण काढून समोरून येऊ शकणारे तीन प्रश्न लिहा आणि प्रत्येकाखाली आपलं उत्तर. असे १२ प्रसंग पुरतात: पास, सिम कार्ड, औषधांचं दुकान, किल्ली हरवली, रस्ता चुकला, जेवायला उशीर होणार, वर्ग बदलून हवा, कपडे धुवायचे आहेत, आणि असेच रोजचे.

शेवटचे चार आठवडे: तोंडाने. आठवड्यातून दोनदा अर्धा तास त्या भाषेच्या शिक्षकाशी किंवा भाषा-मित्राशी ऑनलाइन बोला. दोन मिनिटांची स्वतःची ओळख फोनवर रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी ऐका आणि जिथे 'अं… अं…' आलं तिथला शब्द शोधून पुन्हा रेकॉर्ड करा. सहाव्या-सातव्या वेळेला ती ओळख ओठांवर बसते. ही मेहनत वाया जात नाही, कारण पहिल्या आठवड्यात तीच ओळख वीसेक वेळा द्यावी लागते. निघण्याआधी १५ दिवस फोनची भाषा बदला. त्याआधी भाषा बदलण्याचा पर्याय सेटिंग्जमध्ये कुठे आहे त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. बँकेचं अ‍ॅप मात्र आहे त्या भाषेत राहू द्या. पैशांच्या व्यवहारात सराव करायचा नसतो.

यजमानांना पत्र

पत्ता मिळाला की आठ-दहा ओळींचं पत्र त्यांच्या भाषेत पाठवा. चुका असल्या तरी चालेल. भाषांतर यंत्राचं गुळगुळीत पत्र पाठवलंत तर ते तुम्हाला सगळं येतं असं धरून चालतील. पत्रात पोहोचण्याची वेळ, अ‍ॅलर्जी आणि एक विनंती हवी: 'माझ्याशी तुमच्याच भाषेत बोला, चूक झाली तर थांबवा.' खाण्याचं पथ्य असेल तर यादी द्या. 'मांस नको' एवढं म्हटल्यावर अनेक ठिकाणी मासे चालतात असं समजतात, आणि सूपमध्ये तुकडे नसले तरी पाणी मांसाचंच असतं. कोणकोणत्या रूपातलं नको ते एकेक लिहा: रस्सा, मासे, चरबी, जिलेटिन.

पोहोचल्या संध्याकाळीच विचारायचं: अंघोळीची वेळ, कपडे धुण्याचा वार (बहुधा आठवड्यातून एकदा), किल्ली, जेवणाची वेळ, आणि येणार नसलो तर किती वाजेपर्यंत कळवायचं. हे न विचारल्यामुळे होणारी नाराजी कोणी बोलून दाखवत नाही. जेवणाच्या टेबलावरचं बोलणं मात्र कमी होतं.

औषधं, पैसे, फोन, बॅग

औषधं मुक्कामाचे दिवस अधिक सात, मूळ वेष्टनात, हातातल्या बॅगेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ रासायनिक नाव हवं, कंपनीचं नाव तिथे कोणाला कळणार नाही. पॅरासिटामॉललाही अमेरिकेत आणि जपानमध्ये अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात. इथे साधी वाटणारी काही औषधं तिथे गुन्हा ठरतात: स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेली सर्दीची औषधं जपानमध्ये नेता येत नाहीत, आणि संयुक्त अरब अमिरातीत कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेल्या औषधांसाठी आधी परवानगी लागते.

पैशांसाठी दोन वेगळ्या नेटवर्कची बँक कार्डं (एक व्हिसाचं, एक मास्टरकार्डचं) ठेवा, वेगवेगळ्या जागी. पहिल्या दोन दिवसांपुरती तिथली रोकड जवळ असावी. मशीनवर 'तुमच्या चलनात की स्थानिक चलनात' असं विचारलं तर स्थानिक चलन निवडा, दुसऱ्या पर्यायात दर महाग पडतो. आणि ओटीपी घरच्या सिमवर येतो हे विसरू नका. ते सिम रोमिंगवर सुरू नसेल तर खात्यात पैसे असून खरेदी अडते. तिथल्या इंटरनेटसाठी ई-सिम सोपं. फोनवर *#०६# दाबल्यावर 'ईआयडी' क्रमांक दिसला तर फोन त्याला चालतो. घरच्या वायफायवरच ते बसवून निघा.

बॅग आठ दिवसांच्या कपड्यांची, कारण धुणं आठवड्याने होतं. पॉवर बँक फक्त केबिनमध्ये नेता येते, १०० वॅट-तासांपर्यंत. २०,००० एमएएचची बँक ७४ वॅट-तासांची असते, म्हणजे चालते. युरोपात बहुतांश ठिकाणी २३० व्होल्ट, जपानमध्ये १००. चार्जरवर '१००–२४०' छापलेलं असेल तर नुसता अ‍ॅडॅप्टर पुरतो. केस वाळवायच्या यंत्रावर तसं क्वचितच असतं, ते घरीच ठेवा. यजमानांसाठी भेट हलकी, न फुटणारी आणि द्रव नसलेली असावी. केबिनमध्ये द्रवाची बाटली १०० मिलिलीटरपर्यंतच नेता येते, हा नियम अजून बहुतेक विमानतळांवर आहे.

पोहोचल्यावरचे पहिले तीन दिवस

वर्ग सोमवारी असेल तर शुक्रवारी पोहोचा. शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक तास सरकतं, पूर्वेकडे जाताना त्याहून सावकाश. रविवारी रात्री उतरून सोमवारी सकाळी पातळीची परीक्षा दिली तर निकाल तुमच्या भाषेचा नसतो, झोपेचा असतो. शनिवारी वर्गापर्यंत एकदा चालत किंवा बसने जाऊन या.

पातळीच्या परीक्षेसाठी व्याकरणाचा रट्टा मारू नका. लेखीत वरचे गुण आले आणि बोलता येत नसलं की वरच्या वर्गात गप्प बसून महिना जातो. उलटही होतं: बोलताना गोठल्यामुळे खालचा वर्ग मिळतो. दोन दिवस बसून पाहा आणि चुकीचं वाटलं तर तिसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयात जाऊन वर्ग बदलून मागा. आठवडा गेल्यावर जागा नसते.

आपल्या भाषेचे लोक भेटतातच. अमेरिकेतलं मिडलबरी कॉलेज १९१५ पासून उन्हाळी भाषावर्ग चालवतं, आणि तिथे विद्यार्थ्यांकडून कोर्स संपेपर्यंत फक्त लक्ष्यभाषेतच बोलण्याची लेखी शपथ घेतात. तुमच्या संस्थेत अशी शपथ नसेल तर बरोबर आलेल्या मित्रांशी ती आधीच ठरवा, आणि त्यात पळवाटही ठेवा. रोज रात्री अर्धा तास मराठी मोकळी. पूर्ण बंदी घातली की तिसऱ्या दिवशी मोडते आणि मग पुन्हा लागत नाही. घरी फोन आठवड्यातून तीनदा, ठरलेल्या वेळी, वीस मिनिटं. ही वेळ निघण्याआधी घरच्यांशी बोलून ठेवा, नाहीतर काळजीपोटी रोज दोनदा फोन येतो.

मग रोजची तीन कामं, तीन अनोळखी माणसांशी: ग्रंथालयाची वेळ विचारा, टपाल तिकीट घ्या, मापाचा नसलेला सदरा बदलून आणा. रात्री वहीत तीन रकाने: काय ऐकलं, काय बोललो, कोणता शब्द हवा होता आणि मिळाला नाही. तिसरा रकाना दुसऱ्या दिवशी वर्गात शिक्षकांपुढे ठेवा. दुसऱ्या आठवड्याच्या मध्यावर बहुतेकांना डोकं बधिर झाल्यासारखं होतं, आधी येत होतं तेही येईनासं होतं. त्या दिवशी कामं तीनऐवजी एक करा आणि लवकर झोपा, पण फोनवर मराठी मालिका लावून बसू नका.

शेवटच्या आठवड्यात प्रमाणपत्र मागताना पासपोर्टवरचं नाव, पातळी आणि वर्गाचा वेळ तपासा. कॉलेजला श्रेयांक मिळवायचे असतील तर तासिका आणि प्रत्यक्ष तास, दोन्ही लिहून घ्या. निघाल्यावर दुरुस्ती मागितली की ईमेलमध्ये महिने जातात. आणि तिथे ज्याच्याशी जमलं त्या माणसाबरोबर परतल्यानंतरच्या पहिल्या रविवारच्या व्हिडिओ कॉलची वेळ तिथेच समोरासमोर ठरवा, दोन्ही देशांच्या घड्याळांप्रमाणे लिहून.